वाचकांची विचारणा : कोकणच्या पावसाचा जुना हिशेब

गेल्या अंकात मेघालयातील मॉमलूह गुहेविषयी लेख प्रसिद्ध झाला होता. त्या गुहेतील एका लवणस्तंभावरून (ठिबकत्या पाण्यातील चुना साचून झालेल्या खांबावरून) सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दीर्घकाळ मंदावल्याचा पुरावा हाती आला, आणि तेथपासून आजवरच्या कालखंडाला भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव दिले, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर कोकणातून बरीच पत्रे आली आहेत. देशातला एवढा मोठा पाऊस आमच्या अंगणात पडत असताना त्याचा जुना हिशेब मेघालयात जाऊन का शोधावा, असा त्यांतील बहुतेकांचा सूर आहे. निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या भागात कातळात नैसर्गिक गुहा आहेत, पावसाळ्यात त्यांच्या छतातून पाणीही ठिबकते. मेघालयातील पद्धत येथे वापरता येणार नाही का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : नाही, आणि अडचण गुहेची नसून खडकाची आहे. लवणस्तंभ तयार होण्यासाठी वर चुनखडक असावा लागतो. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना किंचित आम्लधर्मी होते, चुना विरघळवून घेते आणि गुहेत ठिबकताना तो थेंबाथेंबाने खाली ठेवत जाते. त्या चुन्यात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजन अडकून राहतो. ऑक्सिजनची १६ व १८ वस्तुमानांकाची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू) स्थिर असतात; त्यांतील १८ म्हणजे जड ऑक्सिजन. ढगातून जड ऑक्सिजन आधी गळून पडत असल्यामुळे, ज्या वर्षांत पाऊस भरपूर झाला त्या वर्षांच्या थरात जड ऑक्सिजनाचे प्रमाण कमी आढळते. थराचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढतात : युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नव्या थरात थोरियम नसतेच म्हटले तरी चालेल, आणि नंतर जे सापडते ते तेथेच युरेनियमापासून तयार झालेले असते. या घड्याळाने पाच-सहा लाख वर्षांपर्यंत मागे जाता येते.

कोकणात वर जांभा आणि खाली बेसॉल्टचा काळा कातळ असल्यामुळे छतातून पाणी ठिबकले तरी त्यातून असे थर साचत नाहीत. महाराष्ट्राच्या पावसाशी बऱ्यापैकी नाते सांगणारी एक गुहा म्हणजे छत्तीसगढमधील जगदलपूरजवळची दंडक गुहा. तेथील लवणस्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख मांडण्यात आला असून, चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील सुमारे शंभर वर्षांत पावसाने वारंवार दीर्घ दगा दिल्याचे त्यात स्पष्ट दिसते. आपल्याकडे ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून जो सांगितला जातो, तो १३९६ ते १४०७ या काळातला. म्हणजे लोकस्मृती आणि दगड येथे एकमेकांना दुजोरा देतात. मात्र दंडक गुहा कोकणापासून फार दूर आहे, आणि सह्याद्रीला अडून पडणारा पाऊस व मध्य भारतातला पाऊस दरवर्षी एकाच चालीने चालतात असे नाही, हे ध्यानात ठेवूनच तो आलेख वाचावा.

प्रश्न : आमच्या देवराईत चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे वृक्ष आहेत. वादळात पडलेल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यातील कड्या मोजून जुना पाऊस कळेल काय? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : झाडाने वर्षातून एकदा वाढ थांबवली तरच वर्षाची कडी स्पष्ट उमटते. थंड प्रदेशात हे काम हिवाळा करतो. आपल्याकडे ते काम उन्हाळ्याच्या कोरडेपणाने करायचे असते, पण देवराईतील सदाहरित वृक्षांची मुळे ओलाव्याला धरून असतात आणि त्यांची पानगळ एकदम होत नाही. त्यामुळे आंबा, फणस यांसारख्या झाडांच्या बुंध्यात ज्या पुसट कड्या दिसतात त्या वर्षागणिक एक अशा हिशेबाने मोजता येत नाहीत; झाड कितीही थोर असले तरी ते याबाबतीत मुके असते.

अपवाद सागाचा. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि पावसाच्या तोंडावर नव्या वाढीला लागताना लाकडात ठळक, मोठ्या छिद्रांची एक रांग उमटवतो, त्यामुळे कडीची सुरुवात साध्या भिंगानेही ओळखता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केरळातील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका तयार केली, आणि अरुंद कड्यांची बरीच वर्षे एल निनोशी निगडित दुष्काळी वर्षांशी जुळत असल्याचे दाखवले. ठाणे परिसरातील सागांवरही याच संस्थेने १९८० च्या दशकात काम केले होते. यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी काढून घेतात. कोकणात अडचण आहे ती जुने साग उरलेले नसण्याची. जहाजबांधणी, घरबांधणी आणि पुढे लाकूड-कोळशासाठी झालेली तोड पाहता येथे पाचशे वर्षांचा उभा साग मिळण्याची आशा धरू नये. जुन्या घरांच्या तुळयांचा उपयोग होऊ शकतो, परंतु ते लाकूड कोणत्या रानातून आले हे ठाऊक नसेल तर कड्या जुळूनही तो पाऊस कुठला हे ठरत नाही.

प्रश्न : खाडीच्या गाळावरून प्राचीन हवामान कळते असे वाचले. खाडीचा गाळ तर उधाणाला ढवळला जातो, पुरात वाहून जातो. त्यात हजारो वर्षांपूर्वीचे काय शिल्लक राहणार? (एक मच्छीमार, दाभोळ)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, आणि उत्तरही थोडे विस्ताराने द्यायला हवे, कारण कोकणाच्या बाबतीत खरा भरवसा या गाळावरच आहे.

वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पाऊस स्वतःची खूण स्वतःच पुसून टाकतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यानंतर कडक ऊन, हे चक्र लक्षावधी वर्षे चालून खडकातील विरघळणारे सारे धुपून गेले आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहून जांभा झाला. अशा हवेशीर, तांबड्या जमिनीत पान, लाकूड, परागकण काहीच टिकत नाही. टिकते ते जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, म्हणजे सतत पाण्याखाली राहणाऱ्या काळ्या चिखलात. आणि हा चिखल खाड्यांत खोलवर साचलेला असण्याचे कारणही हवामानाच्याच इतिहासात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरील बरेच पाणी जमिनीवरच्या बर्फाच्या प्रचंड थरांत अडकलेले असताना समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्या दूरच्या किनाऱ्याकडे धावत होत्या आणि आपली पात्रे खोल कोरत होत्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि या कोरलेल्या दऱ्यांत शिरला. आजच्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नदीदऱ्याच होत. त्या दऱ्या गेल्या आठ-दहा हजार वर्षांत नद्यांनी व भरतीने मिळून भरत आणल्या आहेत.

आपण म्हणता तशी ढवळाढवळ मुख्य प्रवाहात होतेच. म्हणून अभ्यासक तेथे जात नाहीत. ते तिवरांच्या मागची, उधाणाचे पाणी जेमतेम चढणारी शांत जागा निवडतात. ओहोटीला तेथे नळी गाळात उभी दाबतात आणि आतला गाळ न मोडता वर ओढून घेतात. नळी उभी चिरली की वरचे काही इंच तपकिरी, मुळ्यांच्या जाळ्याने विणलेले दिसतात; खाली रंग काळानिळा होत जातो आणि गंधकाचा कुजका वास येतो. तो वास आला की अभ्यासकाला बरे वाटते, कारण प्राणवायू नसल्याची ती खूण असते. मध्येच बोटभर जाडीचा वाळूचा पट्टा लागतो, कुठे कालवांच्या शिंपल्यांचा चुरा लागतो. सेंटिमीटर-सेंटिमीटरने तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी तपासणी होते.

परागकणांची बाहेरची भिंत इतकी चिवट असते की तीव्र आम्लात मातीचे कण विरघळून गेले तरी ती शाबूत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली कांदळ, तिवर, चिप्पी यांचे परागकण वेगवेगळे ओळखता येतात. खारफुटीला खारे पाणी चालते, पण ती फोफावते ती गोड्या पाण्याची भरपूर आवक असते तेव्हा. म्हणून एखाद्या थरात कांदळाचे परागकण विपुल आणि डोंगरावरच्या सदाहरित झाडांचेही सोबत असतील, तर तो काळ पावसाचा समजतात. तेच वरच्या थरात रोडावून गवताचे परागकण वाढले, तर पाऊस कमी झाला किंवा माणसाने रान साफ केले, अशा दोन शक्यता उभ्या राहतात. त्यांचा निवाडा एकट्या परागावरून होत नाही. कार्बनच्या समस्थानिकांवरून झाडे किती व उष्ण प्रदेशातील गवते किती याचा अंदाज येतो, कोळशाच्या सूक्ष्म कणांवरून जाळपोळ कळते, आणि भातासारख्या धान्याचे मोठे परागकण दिसले की शेतीकडे बोट दाखवता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कोकण किनाऱ्याच्या खारफुटीवर अशा प्रकारचे काम झाले आहे.

वय काढण्यासाठी कार्बन-१४ हा सावकाश क्षय पावणारा कार्बन वापरतात. त्याचे अर्धायुष्य (निम्मा क्षय होण्याचा काळ) ५,७३० वर्षांचे असल्याने सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोग होत नाही. येथे एक खोच आहे : समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच ‘जुना’ असल्यामुळे शिंपल्याचे वय त्याच थरातील पानापेक्षा काही शतकांनी अधिक येते, आणि ती दुरुस्ती न करता काढलेल्या तारखांवर विसंबून कुठल्याही बंदराचा इतिहास लिहू नये. गेल्या शे-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० या क्षय पावणाऱ्या शिशाचा आधार घेतात, आणि १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांतून जगभर पसरलेल्या सीझियम-१३७ चा कमाल थर सापडला की त्या दशकाची खूणगाठ पक्की होते.

ढवळणारा खरा शत्रू भरती नसून चिंबोऱ्या व इतर बिळे करणारे प्राणी आहेत; त्यांनी वरचा गाळ खाली नेला की तारखा उलट्यासुलट्या येतात आणि तो नमुना सोडून द्यावा लागतो. माणसाचे म्हणाल तर खारबंदिस्तीने भरतीचे पाणी अडले की बांधाच्या आतला थर एकाएकी गोड्या पाण्याचा दिसू लागतो, आणि बांधाचे वर्ष माहीत नसलेला अभ्यासक त्याला अतिवृष्टी समजून बसतो. हातपाटीच्या वाळूउपशाने फारसे बिघडत नाही. ड्रेजरने मात्र एका हंगामात काही हजार वर्षांचे थर उचलले जातात, आणि ते परत कुठल्याही प्रयोगशाळेत मांडता येत नाहीत.

प्रश्न : दर सत्तर-ऐंशी वर्षांनी मोठा दुष्काळ येतो असे आमच्याकडील जाणते सांगतात. याला काही आधार आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : योगायोगाने याच्या जवळ जाणारा एक अभ्यास आपल्या दक्षिणेलाच झाला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी कारवारपाशी, काळी नदीच्या मुखाबाहेरील समुद्रतळाचा गाळ तपासला. त्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या, वाळूच्या कणाएवढ्या एकपेशीय जीवांची कवचे असतात. नदीचे गोडे पाणी किती आले, यानुसार या कवचाच्या पहिल्या कप्प्याचे सरासरी आकारमान बदलते. त्या बदलांवरून दुष्काळांची सुमारे ७७ वर्षांची आवर्तने असावीत, असे अनुमान १९९० च्या दशकात मांडले गेले. कल्पना देखणी आहे. तरीही काही शतकांच्या नोंदीत असे आवर्तन फार तर पाच-सहा वेळा बसते, आणि तेवढ्यावर पुढच्या दुष्काळाचे वर्ष सांगायला निघणे धाडसाचे ठरेल.

याहून खोल समुद्रातली नोंद हवी असेल तर २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख करावा लागेल. त्या वर्षी ‘जॉईडीस रिझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाखाली एक किलोमीटरहून अधिक खोल वेध घेतला. तो गाळ लक्षावधी वर्षांच्या मोसमी वाऱ्यांविषयी आणि हिमालयाच्या झिजेविषयी पुष्कळ सांगतो, पण त्यात सिंधू नदीने आणलेल्या गाळाचा वाटा इतका मोठा आहे की कोकणच्या आखूड नद्यांचा आवाज त्यात ऐकू येणे कठीण आहे.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. प्रवाळांवरूनही हवामान वाचतात असे ऐकले. (एक विद्यार्थी, मालवण)

उत्तर : वाचतात. पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढते, त्याचा काप क्ष-किरणांखाली धरला तर ऋतूंप्रमाणे दाट-विरळ पट्टे दिसतात, आणि त्यातील स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून पाण्याचे तापमान काढता येते. परंतु यासाठी नितळ पाणी व शतकभर न थांबलेली वाढ लागते; ती लक्षद्वीपला मिळते. मालवणला पावसाळ्यात गोडे, गढूळ पाणी येते, वसाहती लहान राहतात व वाढ खुंटते. शिवाय १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे, तेव्हा कुतूहलापोटीसुद्धा तुकडा काढू नये. त्याऐवजी घरी ढोमी किंवा घोळ साफ करताना डोक्यातून निघणारे पांढरे खडे पाहावेत. ते माशाच्या कानातले चुन्याचे खडे असून त्यांतही वाढीच्या रेषा आणि पाण्याच्या तापमानाची नोंद असते. ती माशाच्या आयुष्याएवढीच, म्हणजे काही वर्षांचीच असते; पण जुन्या वस्तीच्या उत्खननात असे खडे मिळाले तर त्या काळच्या समुद्राची थोडी कल्पना येते.

प्रश्न : मुंबईच्या गोदीखाली जंगल सापडले होते ही दंतकथा आहे का? (एक वाचक, उरण)

उत्तर : दंतकथा नाही. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना समुद्रपातळीच्या बरेच खाली, चिखलाखाली झाडांचे बुंधे मिळाले. त्यांतील अनेक मुळांसकट उभे होते, म्हणजे वाहून आलेले नव्हते, जागच्या जागी वाढलेले होते. ती झाडे खैराच्या जातीची होती, आणि खैर काही खाऱ्या चिखलात उगवत नाही. १८७८ साली याचे वर्णन प्रसिद्ध झाले. अपोलो बंदरावरील भरतीमापकाची सलग नोंदही नेमकी १८७८ पासूनच मिळते.

या बुंध्यांवरून कोरडी जमीन पाण्याखाली गेली एवढे निर्विवाद कळते. समुद्र चढला की जमीन खचली, हे मात्र एकाच जागेवरून ठरवता येत नाही, कारण किनाऱ्यावर आपल्याला या दोहोंतील फरकच काय तो दिसतो. त्यासाठी किनाऱ्यावरील अनेक ठिकाणच्या एकाच वयाच्या खुणा, म्हणजे कालवांचे थर, वाळू व शिंपले चुन्याने बांधले जाऊन झालेले खडक, खारफुटीचा चिखल, यांच्या उंचीची तुलना करावी लागते. खूण सगळीकडे सारख्याच फरकाने सरकलेली असेल तर समुद्र हलला. एकाच टापूत वेगळी असेल तर संशय जमिनीवर घ्यावा.

प्रश्न : राजापूरची गंगा कधी आली, कधी गेली याच्या तारखा जुन्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. त्यावरून पावसाचा इतिहास काढता येईल का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : तारखा जरूर जपाव्यात. त्यांवरून थेट पाऊस काढण्याची घाई मात्र करू नये. उन्हाळे गावातील ही गंगा, म्हणजे मधूनच प्रकटणारा झरा, साधारण तीन वर्षांनी येते असा पूर्वापार समज असून, जमिनीखालील पोकळीत पाणी विशिष्ट पातळीपर्यंत साचले की वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने ते वाहू लागते, असे तिचे स्पष्टीकरण देतात. हे खरे मानले तर गंगा येण्याचा दिवस पावसाइतकाच त्या पोकळीच्या आकारावर, झिरपण्याच्या वाटांवर आणि भोवतालच्या विहिरी-बोअरवेलच्या उपशावर अवलंबून असणार. पाण्याचे वय ट्रिटियमवरून, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनवरून, पाहता येते. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे आहे, आणि पाऊस अणुचाचण्यांच्या आधीचा की नंतरचा हे त्यावरून पूर्वी सहज ओळखता येई. आता त्या चाचण्यांचे ट्रिटियम बहुतांशी क्षय पावले असल्याने अधिक संवेदनशील मोजणी लागते. आपल्याकडील तारखांसोबत त्या त्या वर्षीचा तालुक्याचा पाऊस महिनावार मांडलात, तर निदान पाऊस आणि गंगा यांत किती महिन्यांचे अंतर पडते हे दिसू लागेल.

प्रश्न : विहीर खणताना जांभा संपल्यावर शेडी (मऊ, पांढरट माती) लागली आणि तिच्याखाली काळी चिकणमाती. त्या मातीत कोळशासारखी काळी लाकडे निघाली. ती किती जुनी असतील व कोणाला दाखवावीत? (एक बागायतदार, लांजा)

उत्तर : वरचा जांभा जागचा असेल, तर ही लाकडे आपल्या कल्पनेपेक्षा फार जुनी असू शकतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात जांभ्याखाली कोळसट माती व लिग्नाइटचे थर पूर्वीपासून ठाऊक आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांचा काळ मायोसीन, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा मानतात. अशा लाकडाला कार्बन-१४ लावून काही हाती येणार नाही. त्याचे वय सोबतच्या परागकणांवरून ठरवतात, आणि तेव्हा या किनाऱ्यावर कोणते रान होते हेही त्याच परागांवरून समजते. उलट, वरचा जांभा म्हणजे उतारावरून घसरून आलेली दगडमाती असेल, किंवा विहीर पऱ्ह्याच्या अगर खाडीच्या काठाला असेल, तर लाकूड काही हजार वर्षांचेच निघेल आणि मग कार्बन-१४ उपयोगी पडेल. तेव्हा आधी विहिरीच्या भिंतीत जांभा सलग आहे की सुटे गोटे मातीत अडकलेले आहेत, हे नीट पाहून छायाचित्र घ्यावे.

लाकूड धुऊ नये, उन्हात वाळवू नये आणि त्याला तेल किंवा वार्निश लावू नये. भोवतालच्या मातीसकट ते अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, सावलीत ठेवावे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था आणि लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था या विषयात काम करतात. आधी पत्राने विचारणा करावी. प्रत्येक थराची जाडी लिहून द्यावी, फुटात लिहिली तरी चालेल. फक्त ती जमिनीपासून मोजली की विहिरीच्या कठड्यापासून, याचा उल्लेख चुकवू नये.